आभारांचा ताजा कलम

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं चहाचें एक गाळणें आलें. किंमत १४० रुपये. ज्या खोक्यांतून तें आलें त्यांत तशीं दहा गाळणीं सहज मावलीं असतीं. परंतु खोक्याच्या आकाराविषयीं आज आमची तक्रार नाहीं. गाळण्याच्या पोटांत गुलाबी किनारीचा एक जाड, गुळगुळीत कागद घडी करून ठेविलेला होता. त्यांत प्रथम आमचे अंतःकरणपूर्वक आभार मानलेले होते. मग, आम्ही केवळ गिऱ्हाईक नसून त्या दुकानाच्या 'परिवाराचे' सदस्य झालों आहों, असें कळविलें होतें. पुढें, एका छोट्या उद्योगाचें मोठें स्वप्न आम्हीं साकार केलें याबद्दल पुन्हां आभार होते. आणि सर्वांत खालीं, पांच पिवळ्या ताऱ्यांच्या चित्राशेजारीं, दोन ओळी होत्या: माल आवडला असल्यास पांच तारे द्यावे; आवडला नसल्यास कोठेंहि कांहीं न लिहितां आधीं अमुक क्रमांकावर आम्हांस कळवावें.

आमच्या वडिलांच्या पिढींत पत्राचें खरें काम पुष्कळदां ता. क. मध्यें असे. क्षेमकुशल, पाऊसपाणी, मुलांचे अभ्यास, थोरल्या आत्याचा संधिवात यांनीं चार पृष्ठें भरलीं कीं, सहीच्या खालीं दीड ओळींत पन्नास रुपयांची निकड निघे. वाचणारा शहाणा असला तर तो पत्र उलटें धरून शेवटापासून वाचावयास लागे. या गुलाबी कागदाचाहि प्राण त्याच्या ताज्या कलमांत आहे. वरचे आभार हे त्या दोन ओळींपर्यंत आम्हांस हात धरून नेण्यापुरते आहेत.

एका गाळण्यावरून एवढा शब्दविस्तार कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु तशा चिठ्ठ्या आतां प्रत्येक घरीं येत आहेत. आमच्या घरांतील मंडळींना कोरी पाठ असलेला कागद टाकवत नाहीं; त्यामुळें दूधवाल्याचा हिशेब, वाणसामानाची यादी, हीं सर्व हल्लीं कोणाच्या तरी कृतज्ञतेच्या पाठीवर लिहिलीं जातात. त्या गठ्ठ्यांतून आम्हीं एकदां सहज हात फिरविला. नुसते आभार मानून गप्प बसलेली चिठ्ठी शोधावी लागली.

लेखणी उचलण्याचें निमित्त मात्र निराळेंच झालें. गेल्या मार्चांत आमच्या गांवच्या महिला-मंडळानें घरबसल्या व्यवसायाविषयीं एक व्याख्यान ठेविलें होतें. वक्ते आमचे स्नेही, वाणिज्यशास्त्राचे अध्यापक, विद्वान् आणि सरळ गृहस्थ. त्यांनीं सांगितलें कीं, ऑनलाइन बाजारांतून माल पाठवितांना प्रत्येक पुडक्यांत आभाराची चिठ्ठी घालावी. ती शक्य तर हातानें लिहावी, निदान हातानें लिहिल्यासारखी दिसेल अशी छापावी. तींत ग्राहकाचें नांव घालावें. आणि अखेरीस अभिप्रायाची विनंति करावी, कारण आभारांनीं मन मऊ झालें असतां केलेली विनंति मोडवत नाहीं. हें शेवटचें वाक्य त्यांनीं हंसत सांगितलें व सभेनें तें हंसत घेतलें. आम्हीं उठून हरकत घेतली, तेव्हां 'साहित्याच्या प्राध्यापकांस दुकान काय ठाऊक!' एवढ्यानेंच आमची वासलात लागली. सभेंत आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं अंथरुणावर सुचलें. तें येथें देत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे कीं, ज्या कागदावर आभार मानावयाचे त्या कागदावर कांहीं मागूं नये; आणि साक्ष तर मुळींच मागूं नये.

आम्ही सौजन्याचे वैरी नाहीं. 'थँक यू' हा शब्द आमच्या पिढीनें शाळेंत उचलला. आमच्या आजीनें वाण्याचे किंवा वाण्यानें आजीचे आभार मानल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून त्यांच्या व्यवहारांत सौजन्य नव्हतें असें मात्र कोणीं म्हणूं नये. सकाळचें पहिलें गिऱ्हाईक आलें कीं, भवानीचे पैसे तो वाणी कपाळास लावी. धान्य मापतांना पहिल्या मापास तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. भाजीवाली पिशवींत वरून मूठभर कोथिंबीर आणि कढीलिंबाचीं चार पानें टाकी, आणि टाकतांना आपल्याकडे पाहतहि नसे; तिचें लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाच्या मेथीकडे असे. त्या कोथिंबिरीच्या देठास कसलीहि चिठ्ठी बांधलेली नसे. वाणी सत्ययुगांतला होता असा याचा अर्थ नव्हे. तोच वाणी दांडी मारी, आणि डाळींत खडेहि विकी. पण तो फसवी तेव्हां वजनांत फसवी. आपल्या तराजूची ग्वाही गिऱ्हाइकानें चार घरीं जाऊन द्यावी, असें त्यानें कधीं सुचविलें नाहीं.

मागण्यालाहि आमचा विरोध नाहीं. मागणें ही आपल्या समाजांत हलकी गोष्ट कधींच नव्हती. वासुदेव पहांटे दारांत येऊन मागतो. दिवाळीच्या दिवसांत पोस्टमन, गुरखा, कचरा नेणारा, सर्व जण पोस्त मागतात. उंबऱ्याबाहेर उभे राहून 'साहेब, दिवाळी' असे दोन शब्द उच्चारतात, आणि दोन्ही पक्षांस कळतें कीं हें मागणें आहे. देणारा देतो, न देणारा उद्यां या म्हणतो. पोस्त मागणारा स्वतःस आपल्या परिवाराचा सदस्य म्हणवीत नाहीं, किंवा आपलीं पत्रें स्वीकारल्याबद्दल आपले आभार मानीत नाहीं. त्याच्या मागण्यांत एक प्रामाणिक ताठपणा असतो, आणि म्हणूनच त्याला नाहीं म्हणतांनाहि आपण त्याचा अपमान करीत नाहीं.

येथें आमचे वाणिज्यशास्त्री स्नेही एक चांगली अडचण काढतील. ते म्हणतील, 'तुमच्या जुन्या मराठी पत्रांच्या शेवटीं "लोभ असावा, ही विनंति" असें लिहीत. तेंहि मागणेंच नव्हे काय? मग आमच्या पांच ताऱ्यांनींच काय पाप केलें?' आक्षेप विचारांत घेण्यासारखा आहे. परंतु 'लोभ असावा' या विनंतींत मागणारा आणि देणारा असे दोघेच असतात. तुमचा लोभ मजवर असावा. तो तुम्हीं ठेवावा, मला मिळावा. त्यांत तिसऱ्याचा संबंध नाहीं. पांच ताऱ्यांच्या विनंतींत तिसरा माणूस आहे, आणि तोच मुख्य आहे. तारे विक्रेत्यासाठीं नसतातच. उद्यां कोणी अनोळखी बाई नागपुरास किंवा बेळगांवास बसून तेंच गाळणें घ्यावें कीं नाहीं याचा विचार करील, तिच्यासाठीं ते असतात. तिला गाळणें हातांत धरून पाहतां येत नाहीं, त्याची जाळी नखानें दाबून पाहतां येत नाहीं. तिला आमच्या शब्दावर भरंवसा ठेवणें भाग आहे. आमचा अभिप्राय ही तिच्यापुढें दिलेली साक्ष आहे. त्या साक्षींत ज्याचा न्याय व्हावयाचा त्याच्याच हातची चिठ्ठी अगोदर आमच्या हातीं पडते, आणि ती काय बोलावें व काय बोलूं नये हें आम्हांस गोड शब्दांत शिकविते.

हा बाजार असा कां झाला हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९९५ सालीं अमेरिकेंत पियेर ओमिडियार यांनीं जो लिलावाचा बाजार उघडला, व जो पुढें ईबे या नांवानें प्रसिद्ध झाला, त्याच्यापुढें पहिली अडचण हीच होती कीं, ज्यांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नाहीं त्यांनीं एकमेकांस पैसे कसे पाठवावे. त्यावर १९९६ सालीं तोडगा निघाला तो असा कीं, व्यवहार झाल्यावर घेणाऱ्यानें विकणाऱ्याविषयीं आणि विकणाऱ्यानें घेणाऱ्याविषयीं चार शब्द सर्वांस दिसतील असे लिहून ठेवावे. कल्पना साधी आणि मोठी होती. गांवांत जें काम पारावरच्या गप्पा करीत, तें हे शब्द करूं लागले. पुढें विक्रेते सूड म्हणून ग्राहकांस वाईट शेरे देतात असें दिसून आलें, आणि २००८ सालीं ईबेनें विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. तो निर्णय त्या वेळच्या अनुभवास धरून होता असें मानलें, तरी त्याचा परिणाम लपत नाहीं. पूर्वी दोघे एकमेकांस तोलीत. आतां एकच पक्ष तोलतो, आणि दुसऱ्यानें फक्त तोलून घ्यावयाचें. ज्याला बोलण्याची बंदी होते तो आर्जव करूं लागतो.

चिठ्ठीचें मूळ मात्र कांहीं वाईट ठिकाणीं नव्हतें. हातानें केलेल्या वस्तूंसाठीं २००५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एट्सी नांवाचा बाजार निघाला. तेथें ज्या बाईनें मोजे विणले तीच ते कागदांत गुंडाळी, आणि गुंडाळतांना 'हे मोजे आमच्या अंगणांतल्या मेंढीच्या लोकरीचे आहेत, थंड पाण्यांत धुवावे' असें लिहून टाकी. तें लिहिणें स्वाभाविक होतें. वस्तु आणि चिठ्ठी एकाच हाताच्या होत्या. परंतु जें एका ठिकाणीं स्वाभाविक असतें त्याची दुसरीकडे नक्कल होते. २०१३ सालीं त्याच बाजारानें विक्रेत्यांस बाहेरच्या कारखान्यांकडून, परवानगी घेऊन, माल करून घेण्याची मोकळीक दिली. इतर बाजारांत तर माल कोणीं केला हा प्रश्न कधींच नव्हता. चिठ्ठी मात्र सगळीकडे पसरली. हस्ताक्षराचे छाप निघाले. खरी लेखणी धरून माणसासारखीं अक्षरें काढणारीं यंत्रें निघालीं. आमच्याकडे आलेल्या एका चिठ्ठींत 'प्रिय' या शब्दापुढें रिकामी जागा राहिली होती; ग्राहकाचें नांव तेथें पडावयाचें तें यंत्राच्या हातून राहून गेलें. त्या रिकाम्या जागेचे आम्ही आभारी आहों. त्या संबंध चिठ्ठींत खरें असें तेवढेंच होतें.

आमच्या लहानपणीं पुस्तकें बुकपोस्टानें येत. त्या पुडक्यांत खाजगी पत्र घालण्यास टपालखात्याची बंदी असे. सांपडलें तर पत्राचा आकार भरावा लागे. ती बंदी खात्यानें आपल्या उत्पन्नासाठीं घातली होती, नीतीसाठीं नव्हे. तरी माल निराळा आणि पत्र निराळें, एवढें त्या खात्यास कळत होतें. प्रकाशक पुडक्यांत सूचीपत्र घालीत. तें सूचीपत्र आहे हें पोरासहि कळे.

आतां साक्षीच्या प्रश्नाकडे वळूं. त्याविषयीं बोलण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे, तो असा. गेलीं सत्तावीस वर्षें आम्ही उत्तरपत्रिका तपासीत आहों. ज्यांनीं हें काम केलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, दर वर्षीं कांहीं पुरवण्यांच्या शेवटच्या पानावर उत्तर नसतें, पत्र असतें. 'सर, आपणांस साष्टांग नमस्कार. आईचें ऑपरेशन झालें. हा माझा तिसरा प्रयत्न आहे. कृपया पास करा. आपले उपकार जन्मभर विसरणार नाहीं.' उत्तर लिहिण्याच्या आधींच उपकारांची पोंच. क्वचित् एखाद्या पुरवणीस शंभराची नोट टांचलेली असते. नियमाप्रमाणें असें आर्जव हा गैरप्रकार आहे, व तो वरिष्ठांस कळवावयाचा असतो. ऑनलाइन बाजाराची आभाराची चिठ्ठी ही त्या शेवटच्या पानाची सख्खी बहीण आहे. भाषा तीच, क्रम तोच: आधीं नमस्कार, मग गरिबी, मग मागणें, मग उपकार. फरक इतकाच कीं परीक्षार्थी लाजून लिहितो, आणि हा कागद चार रंगांत छापतात.

टांचलेल्या नोटेचा प्रकारहि या बाजारांत आहे. मोबाइलचीं आवरणें, कानांत घालावयाचीं यंत्रें, दिव्याच्या माळा, असल्या मालाबरोबर पुष्कळदां एक पत्ता येतो: पांच तारे द्या, त्याचें चित्र व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि पन्नास किंवा शंभर रुपये परत घ्या. वरती अर्थात् 'आपले मनःपूर्वक आभार'. यास आमच्या भाषेंत लांच म्हणतात. बाजारांच्या चालकांस हें ठाऊक नाहीं असें नाहीं. ॲमेझॉननें ऑक्टोबर २०१६ मध्यें मोबदला घेऊन लिहिलेले अभिप्राय, आपल्या स्वतःच्या एका योजनेपुरता अपवाद ठेवून, बंद केले. पुडक्यांत घातलेल्या कागदावरून चांगलाच अभिप्राय मागणें हेंहि त्याच्या नियमांविरुद्ध आहे. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं विक्रेत्यानें ग्राहकाचें सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें ऑनलाइन अभिप्रायांविषयीं आयएस १९००० हें मानक, ऐच्छिक म्हणून, प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत अमुकच मताचा अभिप्राय मिळावा या अटीवर मोबदला देण्यास बंदी करणारा सरकारी नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. इतकें असूनहि चिठ्ठ्या येतातच. कारण उघड आहे. जें दुकानाच्या पाटीवर लिहिण्याची सोय नाहीं तें बंद खोक्याच्या आंत लिहितां येतें. तें खोकें फोडणारा माणूस घरांत एकटा असतो, हातांत कात्री असते, वस्तु नवी असते, आणि शंभर रुपये कोणास नकोसे असतात?

परंतु लांचेच्या पत्त्यापेक्षां आम्हांस गाळण्याची गुलाबी चिठ्ठी अधिक वाईट वाटते. लांच ही लांच आहे हें घेणाऱ्यास निदान कळतें. गुलाबी चिठ्ठी त्याला कळूं देत नाहीं. 'आवडलें तर जगास सांगा, न आवडलें तर आमच्या कानांत सांगा', हें वाक्य किती समंजस दिसतें! आणि त्याचा परिणाम असा कीं, जगापुढें सर्व स्तुति जमते आणि सर्व तक्रारी कानांत राहतात. बेळगांवच्या त्या बाईस चारशें अभिप्राय दिसतात आणि चारशेंहि गोड. त्यांत एकहि खोटा नसेल. तरी त्या चारशें खऱ्या अभिप्रायांनीं मिळून तिला जें सांगितलें तें खोटें असतें.

एवढें लिहून आम्ही थांबलों असतों, तर आमचा लेख आमच्या स्नेह्यांच्या व्याख्यानाइतकाच सोपा झाला असता. पण मध्यंतरीं एक भेट झाली. आमची एक जुनी विद्यार्थिनी सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं गोधड्या शिवून ऑनलाइन बाजारांत विकते. ती आणि गांवांतल्या चार बाया. जुनीं लुगडीं गोळा करावयाचीं, धुवावयाचीं, थर घालावयाचे आणि धांवदोऱ्यानें शिवावयाचे. एका गोधडीस दोघींचे आठ-दहा दिवस जातात. आम्ही तिच्या घरीं गेलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते आणि ती ओट्यावर बसून चिठ्ठ्या लिहीत होती. खऱ्याच हातानें. एकवीस चिठ्ठ्या. आम्हीं एक उचलून वाचली. वर आभार होते, खालीं पांच तारे होते. आम्हीं आमचें उत्तरपत्रिकांचें तत्त्वज्ञान तिला तेथेंच ऐकविलें. जरा उत्साहानेंच ऐकविलें.

तिनें लेखणी खालीं ठेवली नाहीं. म्हणाली, "सर, मोठ्या दुकानाचं एक तारा काय बिघडवतो? माझं बघा." आणि तिनें चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. पांच गिऱ्हाइकांपैकीं चौघांनीं पांच तारे दिले आणि एकानें एक दिला, तर सरासरी ४.२. दहांत एक असला तर ४.६. हजार गिऱ्हाइकांच्या दुकानास तोच एक तारा ४.९९६ वर आणून सोडतो. त्याला तो दिसतहि नाहीं. आणि तिला तो एक तारा कशासाठीं मिळाला होता? कुरियरनें पुडकें पावसांत ठेवलें होतें. दुसऱ्या एका गृहस्थांनीं घरीं लग्नाचे पाहुणे होते तेवढे दिवस गोधडी वापरली, आणि नंतर रंग पसंत नाहीं म्हणून परत पाठविली. हळदीचा डाग तिनें आम्हांस दाखविला. त्यांच्याविषयीं तिला कोठेंहि एक अक्षर लिहितां येत नाहीं. त्यांचा फोन क्रमांकहि तिला दिसत नाहीं. "गिऱ्हाइकाशी बोलायला मला एवढा एकच कागद आहे, सर. त्यावर मागू नको म्हणता, तर मागू कुठं?"

मग ती थोडी थांबली. "आणि त्या पुरवणीवर लिहिणाऱ्या मुलांची तुम्ही दर वेळी वर तक्रार केलीत का?"

आम्हीं केली नव्हती. नोट टांचलेली असली तेव्हां केली. नुसतें पत्र असलें तेव्हां आम्हीं तें पान उलटलें, आणि नियमाकडे पाठ फिरविली. सत्तावीस वर्षांत एकदां, एका पुरवणीचे गुण आम्हीं पुन्हां मोजले, आणि पहिल्यानें मोजले त्याहून दोन अधिक भरले. ते खरोखरच भरले कीं त्या पत्रानें भरविले, हें आम्ही आजहि शपथेवर सांगूं शकणार नाहीं. तिला आम्हीं एवढें सांगितलें नाहीं. येथें सांगत आहों. पण आमचा मुद्दा त्यानें पडत नाहीं. उलट आम्हीच त्याचा पुरावा ठरतों. आर्जवाचा कागद समोर आला कीं, इमानानें तपासणाऱ्याचाहि हात हलतो.

तिच्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस त्या रात्रीं जमलें नाहीं, आणि तिच्याविषयीं आमच्या मनांतला राग मात्र गेला. आर्जव करणारा परीक्षार्थी हुशार नसतो. हुशारास आर्जवाची गरज नसते. तसाच आर्जव करणारा विक्रेता बहुधा लहान असतो, आणि जो लहान नाहीं त्यानें लहानाचें सोंग घेतलेलें असतें. 'छोट्या उद्योगाचें स्वप्न' लिहिणारें आमचें गाळणें कोणत्या कारखान्यांत किती हजारांनीं निघालें हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्याच्या चिठ्ठीमुळें आमच्या विद्यार्थिनीची खरी चिठ्ठीहि लोक न वाचतां टाकून देतात, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. तिची एक चिठ्ठी आमच्याच एका आप्तांच्या घरीं, खोक्यासकट, रद्दींत निघाली.

पंधरा दिवसांनीं तिचा फोन आला. तिनें चिठ्ठी बदलली होती. आतां तींत आभारांचा एकच शब्द होता. पुढें, गोधडी कोणीं शिवली तिचें नांव, आंत किती लुगड्यांचे थर आहेत, पहिल्या दोन धुण्यांत लाल रंग जाईल म्हणून वेगळी भिजवावी, आणि शिवण उसवल्यास परत पाठवावी, शिवून देऊं. तारे काढून टाकले होते. आम्हांस आनंद झाला, आणि तो आम्हीं बोलूनहि दाखविला. पुढल्या दोन महिन्यांत तिला आलेले अभिप्राय पूर्वीच्या निम्म्यावर आले. हेंहि तिनेंच सांगितलें. आवाजांत दोष नव्हता, हिशेब होता.

आमचा सल्ला तिला महाग पडला, हें आम्ही लपवीत नाहीं. म्हणूनच चिठ्ठी लिहिणाऱ्यांस सोडून आतां आम्ही चिठ्ठी घेणाऱ्यांकडे, म्हणजे आमच्या वाचकांकडे आणि स्वतःकडे वळतों. आपण बाराशें रुपयांची गोधडी तीन हिंवाळे पांघरतों, आणि तिच्याविषयीं एक ओळ लिहीत नाहीं. पुडकें एक दिवस उशिरां आलें तर मात्र त्याच रात्रीं लिहितों, आणि तें शुद्धलेखनाकडे लक्ष न देतां लिहितों. राग आल्याशिवाय आपली लेखणी चालत नाहीं. समाधान ही आपणांस खाजगी गोष्ट वाटते आणि असमाधान सार्वजनिक. असा आपला स्वभाव असल्यावर विक्रेत्यानें आर्जव करूं नये, असें आपण कोणत्या तोंडानें म्हणणार? ज्या न्यायालयांत फक्त एकाच बाजूचे साक्षीदार आपण होऊन येतात, तेथें दुसऱ्या बाजूस साक्षीदार गोळा करीत हिंडावें लागतें. आणि हिंडणारा मग रिकाम्या हातानें हिंडत नाहीं. आपण तो अभिप्राय विक्रेत्यावर उपकार म्हणून लिहावयाचा नाहीं. त्या बेळगांवच्या बाईसाठीं लिहावयाचा: गाळण्याची जाळी बारीक आहे, दांडी मात्र तापते, गोधडी ऊबदार आहे, पण एका माणसापुरतीच. चार ओळी. महिन्यांतून दोनदां असें लिहिण्यास कोणासहि वेळ नाहीं असें नाहीं. जे गृहस्थ वर्तमानपत्रास रस्त्यांवरील खड्ड्यांविषयीं पत्रें लिहितात त्यांना तर मुळींच सबब नाहीं.

आणि बाजार चालविणारांनीं चिठ्ठ्यांवर बंदी घालून स्वस्थ बसूं नये. पावसांत भिजलेल्या पुडक्याचा एक तारा कुरियरच्या खात्यावर पडावा, गोधडीच्या नव्हे. पाहुणे गेल्यावर परत येणाऱ्या गोधडीविषयीं विक्रेत्यास एक ओळ लिहिण्याची जागा असावी, आणि ती पुढच्या विक्रेत्यांस दिसावी. असें झालें तर खोक्याच्या आंत लपून बोलण्याचें कारणच उरणार नाहीं. हें करणें त्यांना कठीण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं कोणतें गाळणें किती वेळ न्याहाळलें हें ज्यांना मोजतां येतें, त्यांना इतकेंहि मोजतां येईल.

माघांत आम्हीं तिची एक गोधडी विकत घेतली. रीतसर, त्याच बाजारांतून, ओळख न दाखवितां. अर्थात् नांव आमचेंच असल्यानें तिला तें कळलें. गोधडी उत्तम आहे. फक्त एका कोपऱ्यावर धांवदोरा चार बोटें विरळ पडला आहे. तिनें फोनवर, कसलीहि प्रस्तावना न करतां, विचारलें, "सर, अभिप्राय लिहिणार ना?" तिनें उघड मागितलें, याबद्दल तिच्याविषयींचा आमचा आदर वाढला. पण परीक्षकाचा आप्त परीक्षेस बसला तर ती उत्तरपत्रिका त्या परीक्षकाकडे देत नाहींत. आमचे पांच तारे बेळगांवच्या बाईला फसवतील आणि चार तारे तिला. म्हणून आम्हीं लिहिणार नाहीं असें सांगितलें. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "बरं, सर. कोपरा पाठवून द्या, शिवून देते."

आमच्याकडची गोधडी पाहून शेजारच्या वकीलसाहेबांनीं एक मागविली. ती गेल्या आठवड्यांत आली. ते तिच्याविषयीं काय लिहितात, किंवा लिहितात कीं नाहीं, तें आम्हीं त्यांना विचारलेलें नाहीं.